मनी कोण वसवतो?

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण ज्यांनी घडवली त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. मनात जे वसते ते माणसाने स्वतः किंवा त्याच्या नशिबाने तेथे वसवलेले असते. डोक्यावरचे कर्ज, लेकीचे लग्न, दूरदेशी गेलेला मुलगा, ताटकळत ठेवणारा पाऊस, देवाघरी गेलेल्या आईचा चेहरा, अशी ती वस्ती असे. रात्री डोळा लागला की हीच मंडळी रूपे पालटून पुढे येत. स्वप्न सुखाचे असो वा भीतीचे, ते ज्याचे त्याचे असे. म्हण आजही खरी आहे; तिच्या पोटातले गृहीत मात्र खोटे ठरू लागले आहे. आपल्या मनात काय वसावे हे ठरवण्यासाठी जगातील अतिधनाढ्य कंपन्यांनी बुद्धिमान माणसांच्या फौजा पदरी बाळगल्या आहेत आणि त्यांचा मुक्काम आपल्या उशीखाली आहे. म्हणून आज विचारण्याजोगा प्रश्न एकच उरतो: मनी कोण वसवतो?

मोबाइलमुळे डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, पैसा जातो, हे सारे सांगून झाले आहे. आम्ही धर्मगुरूंनीही प्रवचनांतून ते पुष्कळदा सांगितले आहे आणि श्रोत्यांनी ते मान डोलावून ऐकले आहे, कित्येकदा मांडीवरच्या मोबाइलकडे एक डोळा ठेवून! ते खरे असले तरी दुय्यम आहे. या लेखात भांडण मांडायचे आहे ते माणसाच्या झोपेच्या आणि सवयींच्या मालकीविषयी.

यंत्र स्वप्नात शिरते

यंत्र माणसाच्या स्वप्नात शिरते ही कविकल्पना नव्हे. १९४२ साली अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारण्यात आले, तुम्हांला स्वप्नात रंग दिसतात काय? शंभरातील सुमारे सत्तर जणांनी सांगितले, क्वचितच किंवा कधीच नाही. २००१ साली तोच प्रश्न तेथील विद्यार्थ्यांना पुन्हा विचारला गेला, तेव्हा असे उत्तर देणारे शंभरात अठरादेखील निघाले नाहीत. साठ वर्षांत माणसाचे डोळे बदलले नव्हते. पडदा मात्र कृष्णधवल होता तो रंगीत झाला होता. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात एव्हा मुर्झिन यांनी २००८ साली या गोष्टीची पुन्हा तपासणी केली. बालपणी केवळ कृष्णधवल दूरचित्रवाणी पाहिलेल्या, पंचावन्न वर्षांवरील माणसांनी आपली सुमारे चौथा हिस्सा स्वप्ने कृष्णधवल असल्याचे सांगितले. पंचविशीच्या आतील तरुणांत हे प्रमाण शंभरात पाचांहूनही कमी होते. स्वप्नेच करडी होती की त्यांची आठवण करडी होती, यावर विद्वानांत वाद आहे. दोहोंपैकी काहीही मानले तरी निष्कर्ष चुकत नाही. ज्या माणसांनी दिवसभर शेते हिरवी आणि रक्त लाल पाहिले, त्यांच्या रात्रीचा रंग एका काचेच्या पेटीने ठरवला.

दुसरा प्रयोग याहूनही अस्वस्थ करणारा आहे. हार्वर्डचे रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सत्तावीस माणसांना त्यांनी तीन दिवसांत सात तास ‘टेट्रिस’ हा संगणकावरील खेळ खेळायला लावला. वरून घसरत येणारे ठोकळे नीट रचायचे, इतकाच तो खेळ. डोळा लागता लागता सत्तावीसांपैकी सतरा जणांना तेच ठोकळे घसरताना दिसू लागले. त्यांत पाच जण असे होते की मेंदूच्या इजेमुळे त्यांना नवे काही आठवतच नसे. आपण काल कोणता खेळ खेळलो हेही त्यांना सांगता येत नव्हते. त्या पाचांपैकी तिघांना ठोकळे दिसले! ज्याची स्मृतीत नोंद नाही, ज्याला आपण कधी ‘ये’ म्हटले नाही, ते पाहुण्यासारखे नव्हे, घरच्यासारखे आत येऊन बसले. ‘मला काही आठवतसुद्धा नाही, मी नुसता वेळ घालवायला पाहतो’ असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा. आठवत नाही म्हणून आत गेले नाही, असे होत नाही.

आपल्याकडचा दाखला तर अधिक बोलका आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद होता भाव तारेने मुंबईत येत असे आणि त्या आकड्यांवर मुंबईकर पैज लावीत. १९६१ च्या सुमारास ते आकडे येणे थांबले, तेव्हा चिठ्ठ्या टाकलेल्या मडक्यातून आकडा काढण्याची प्रथा पडली आणि ‘मटका’ जन्मला. १९६२ पासून तो चालवणाऱ्या कल्याणजी भगत यांच्या नावावरून ‘कल्याण’ मटका प्रसिद्ध झाला. आमच्या कल्याण शहराच्या माथी तो उगाचच मारला जातो. पण पाहण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. गिरणगावातील चाळीत दिवसभर साच्यापुढे उभा राहून आलेला कामगार रात्री अंग टाकी तो आकड्याची वाट पाहत. स्वप्नात काय दिसले यावरून सकाळी आकडा लावला जाई, आणि स्वप्नाचा आकडा काढून देणारे जाणकारही निपजले होते. सातासमुद्रापलीकडच्या भावाची एक तार आली आणि येथील गरिबाच्या स्वप्नात जाऊन बसली. मृत बाप स्वप्नात आला तर त्याच्यासाठी प्रार्थना करावी की त्याचा आकडा लावावा, असा पेच पडण्याइतकी मजल गेली.

मटक्याची ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ नये. मटक्याचे बळ बक्षिसात नव्हते. बक्षीस कधी लागेल याचा नेम नाही, यात ते होते. मोबाइलवर बोट वर सरकवताना पुढे काय येईल याचा तसाच नेम नसतो. नऊ वेळा कचरा येतो, दहाव्या वेळी मनाजोगते काही येते, आणि त्या दहाव्यासाठी नऊ वेळा बोट हलते. फरक इतकाच की मटक्याचा आकडा दिवसातून ठरावीक वेळीच निघे. खिशातल्या मडक्यातून तो दर दहा सेकंदांनी निघतो.

गाडी उतरवून पुढे जाते

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. प्रत्येक पिढीतील म्हातारे नव्या यंत्राच्या नावाने बोटे मोडतात. आगगाडीला भुताटकी म्हटले, सिनेमाला पाप म्हटले, आता मोबाइलची पाळी. आक्षेप वजनदार आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे.

आगगाडीचेच घेऊ. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली, पुढल्या वर्षी ती कल्याणला आली आणि १८५५ मध्ये वाशिंदपर्यंत रूळ पोचले. तेव्हापासून आमच्या खडवलीचा हा टापू लोहमार्गाच्या काठी राहतो आहे. गाडी आमच्या सवयींत शिरली, स्वप्नांतही शिरली. पहाटेची लोकल धरणारा माणूस सुट्टीच्या दिवशीही त्याच मिनिटाला जागा होतो. गाडी सुटते आहे आणि पाय उचलत नाहीत, हे स्वप्न या मार्गावर कोणाला पडले नसेल? तेव्हा यंत्राने स्वप्नात यावे यात नवे काहीच नाही, हे मान्यच आहे. परंतु गाडी आपल्याला कल्याणला किंवा दादरला उतरवते आणि पुढे निघून जाते. आणखी थोडे बसा, असे ती म्हणत नाही. तुम्ही किती वेळ खिडकीबाहेर पाहिलेत, कोणत्या स्थानकावर उसासा टाकलात, याची नोंद ती ठेवत नाही. उद्या तुम्ही दुप्पट वेळ बसावे म्हणून रात्रीतून आसनांची रचना बदलत नाही.

तेच इतर जुन्या माध्यमांचे. वर्तमानपत्र शेवटच्या पानावर संपे. आकाशवाणीची सभा संपल्याचे निवेदक सांगे. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की रस्ते ओस पडत, पण भाग संपला की माणसे पुन्हा रस्त्यावर येत आणि त्याविषयी एकमेकांशी बोलत. साऱ्या गावाने एकच गोष्ट एकाच वेळी पाहिलेली असे. त्या सर्व माध्यमांना शेवट होता. २००६ साली एझा रास्किन या तरुणाने असा पडदा तयार केला की ज्याला तळच नाही. बोट सरकवत जावे आणि मजकूर येतच राहावा. पुढे स्वतः त्यानेच या शोधाविषयी जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. पाने मोजून वाचणाऱ्या माणसाच्या हाती शेवटचे पान नसलेले पुस्तक दिले गेले, आणि ते मिटता येत नाही म्हणून दोष त्याच्याच आळसाला!

नव्या माध्यमाने आपल्याला पाहावे, आपण कोठे थबकलो ते मोजावे, प्रत्येकासाठी निराळा पडदा विणावा आणि तो कधी संपू देऊ नये, हे पूर्वी कधीही घडले नव्हते. जुन्या तक्रारींशी या तक्रारीचे साम्य आवाजापुरतेच आहे.

हे अपघाताने घडलेले नाही

टेट्रिसच्या ठोकळ्यांना कोणाच्या स्वप्नात जायचे नव्हते. ते ओघाने गेले. आजचे शिरणे योजून केलेले आहे, आणि हे टीकाकारांचे अनुमान नसून घडवणाऱ्यांचाच कबुलीजबाब आहे. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये उघडपणे सांगितले की वापरणाऱ्यांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसे खाता येईल, हाच हे सारे उभारताना विचार होता. मानवी मनातील एका दुबळ्या जागेचा आम्ही जाणूनबुजून फायदा घेतला. त्याच वर्षी नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपला प्रतिस्पर्धी कोण हे सांगताना झोपेचे नाव घेतले. दोन वाण्यांनी एकमेकांना प्रतिस्पर्धी म्हणावे हे समजते. पण देवाने माणसालाच नव्हे, चिमणीलाही फुकट दिलेली झोप जेव्हा एखाद्या धंद्याला आपली वैरीण वाटते, तेव्हा त्या धंद्याचे स्वरूप आपण ओळखले पाहिजे.

पुढली पायरी २०२१ साली चढली गेली. अमेरिकेतील फुटबॉलच्या महाअंतिम सामन्यात जाहिरात करण्याची वाट बंद असल्याने कूर्स या बिअर कंपनीने लोकांच्या स्वप्नांत जाहिरात करण्याचा बेत जाहीर केला. झोपण्यापूर्वी डोंगर आणि धबधब्यांची एक लहान चित्रफीत पाहायची, रात्रभर उशाशी ठरावीक ध्वनी चालू ठेवायचे आणि स्वप्नात बिअरचे थंडगार दर्शन घ्यायचे. सहभागी होणाऱ्याला बिअर सवलतीत! त्याच वर्षी जूनमध्ये झोप आणि स्वप्ने यांचा अभ्यास करणाऱ्या चाळीस संशोधकांनी पत्रक काढून अशा जाहिरातींवर निर्बंध घालण्याची मागणी केली. त्या पत्रकाच्या लेखकांत टेट्रिसचा प्रयोग करणारे स्टिकगोल्डही होते. ज्याने दार उघडे असल्याचे शोधून काढले, त्यालाच चोर आत शिरत असल्याची आरोळी ठोकावी लागली.

बिअरची ती जाहिरात थट्टेवारी नेता येईल. परंतु रात्री साडेअकराला अंथरुणात पडून शेवटची चित्रफीत पाहणारा आमचा मुलगा जे पाहतो ते कोणी निवडले? त्याने नाही, त्याच्या आईने नाही. डोळा लागण्यापूर्वीचे ते शेवटचे अर्धे तास पूर्वी आजीच्या गोष्टीचे होते, अंगाईचे होते, दिवसाचा हिशेब देवापुढे मांडण्याचे होते. ते आता लिलावात निघाले आहेत आणि बोली लावणाऱ्यांना आपण ओळखतही नाही.

तळहातावर काय आहे?

स्वप्नांची गोष्ट रात्रीची, सवयींची दिवसाची. सकाळी उठल्यावर प्रथम आपले तळहात पाहावेत अशी आपल्या हिंदू बांधवांची जुनी रीत आहे. ख्रिस्ती माणूस डोळे उघडताच कपाळाला बोटे लावून क्रुसाची खूण करी. दोन्ही रीतींचा आशय एकच: दिवस हाती घेण्यापूर्वी तो कोणी दिला याचे स्मरण. आज तळहात पाहिला जातो, पण त्यावर मोबाइल असतो. बोटे उठतात ती काचेवर फिरण्यासाठी. कोणी धर्म सोडला नाही, कोणी देव नाकारला नाही. पहिली हालचाल तेवढी बदलली. श्रद्धा पुष्कळदा युक्तिवादाने जात नाही, अशी सवयीने जाते.

शरीरालाही हे कळले आहे. २०१० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. यंत्र थरथरले नसतानाही थरथरल्याचा भास झाल्याचे दोन-तृतीयांशांनी सांगितले. पूर्वी माणसाला हाक ऐकू आल्याचा भास झाला तर घरातले विचारीत, कोणाची आठवण काढत होतास? या भासामागे कोणी माणूस नाही.

कसारा मार्गावरील गाडीत बसून पाहावे. ज्या डब्यांत भजने होत, भाजी निवडली जाई, राजकारणावरून हमरीतुमरी होई, नव्या प्रवाशाला ‘कुठले तुम्ही?’ असे विचारून त्याचे गोत्र शोधले जाई, तेथे माना खाली आहेत. जो चार वाजता उठून घराबाहेर पडला त्याला गाडीतली डुलकी हा देवाचा प्रसाद होता. तीही आता पुरती लागत नाही. भातसेच्या काठी सहलीला आलेली तरुण मंडळी नदीकडे पाठ करून उभी असतात, कारण छायाचित्रात नदी मागे हवी. नदी पाहायची राहून जाते, कित्येकदा पाण्याची ओढही पाहायची राहून जाते.

आता न्यायाची दुसरी बाजू. मोबाइलने गरिबाचे काही भले केलेच नाही असे म्हणणारा खोटे बोलतो. परगावी बांधकामावर गेलेल्या मजुराला बायकोचा आवाज रोज ऐकू येतो. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार मधल्या हाताशिवाय तिच्या खात्यात पडतो. पाड्यावरच्या बाळंतिणीसाठी रात्री गाडी बोलावता येते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा शहरातल्या शेठाचे जे होते ते मजुराचेही झाले, आणि मजुराने त्यावर हक्क सांगितला यात गैर काय? मग २०२० साली शाळा बंद पडल्या. ज्या आईबापांनी मुलांना मोबाइलपासून दूर ठेवले होते, त्यांनीच उसनवारी करून तो मुलांच्या हाती दिला, कारण शाळाच त्यात होती. मुले टेकड्यांवर चढून ‘रेंज’ शोधीत बसली. पुढे शाळा उघडल्या, फळा परत आला, मोबाइल मात्र परत गेला नाही. यात त्या आईबापांना दोष देणारा माणूस निर्दय म्हटला पाहिजे. मदतीला आलेल्याने घराचा ताबा घेतला, असे हे झाले.

म्हणूनच ‘विळीने भाजीही चिरता येते, बोटही कापता येते, दोष वापरणाऱ्याचा’ हा लाडका दृष्टान्त येथे लागू पडत नाही. विळी फडताळात पडून असते. रात्री दोन वाजता ती हाक मारत नाही. शेजारणीने काय चिरले ते पाहा, असे सांगत नाही. जे हत्यार आपली वाट पाहत गप्प बसते ते साधन. जे आपल्याला बोलावते, मोजते आणि विकते, त्याला साधन म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

काही भाविक मंडळी संत कार्लो आकुतिस यांचे नाव पुढे करतात. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांना संतपद देण्यात आले, आणि ते तर संगणकात प्रवीण होते! होते खरेच. पण त्यांच्या चरित्रात दोन गोष्टी आहेत. खेळाच्या यंत्रासाठी त्यांनी स्वतःला आठवड्याला एका तासाची मर्यादा घातली होती. आणि ते वारले ऑक्टोबर २००६ मध्ये, पहिला आयफोन बाजारात येण्यापूर्वी. त्यांचा संगणक मेजावर असे आणि बंद केला की बंद होई. संताच्या नावाने आपल्या आळसाला आशीर्वाद मागू नये.

भोंगा आणि घंटा

मग उपाय? ‘मनोनिग्रह करा’ असे सांगून मोकळे होणे आम्हां धर्मगुरूंना सोपे आहे. परंतु हजारो अभियंत्यांविरुद्ध बारा वर्षांच्या पोराला एकट्याने मनोनिग्रहाची लढाई लढायला सांगणे हा उपदेश नव्हे, क्रूरपणा आहे. शिवाय एकट्याने मोबाइल मिटला तर त्यालाच शिक्षा होते. गटात काय ठरले ते त्याला कळत नाही, उद्या शाळेत तोच परका ठरतो. जे संकट सर्वांवर एकदम आले त्याचा उपायही सर्वांनी एकदम करावा लागतो.

तो आपल्याच महाराष्ट्रात करून पाहिला गेला आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. १४ ऑगस्ट २०२२ रोजी तेथे महिलांची सभा झाली आणि भोंगा घेण्याचे ठरले. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत मुले अभ्यास करतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला लोक हसले. मग अंगणवाडी सेविका, आशा सेविका, शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य घरोघर फिरले आणि गाव वळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली. दोन्ही गावांची कळकळ खरी, पण मला वडगावची वाट अधिक शहाणपणाची वाटते. बान्सीने मुलांना वर्ज्य केले. वडगावात बाप आणि मुलगा एकाच भोंग्याला आपापली काच खाली ठेवतात. जो नियम मोठ्यांनी स्वतःवर घेतला नाही तो मुलांच्या लेखी नियम नसतो, दांडगाई असते. आणि काही ठिकाणच्या पंचायतींप्रमाणे बंदी केवळ मुलींवर लादली जाते तेव्हा तिचा संबंध मोबाइलशी नसतोच; ती जुनी बेडी नव्या निमित्ताने घातलेली असते.

सात वाजताचा भोंगा ऐकून ख्रिस्ती वाचकाला काही आठवले पाहिजे. दिवेलागणीला आपल्या चर्चची घंटा होई, रस्त्यावरचा माणूस टोपी काढून उभा राही आणि घरात रोजरीसाठी सारे गुडघे टेकीत. शेजारच्या घरी तुळशीपुढे दिवा लागे, मुले शुभंकरोती म्हणत. पलीकडे मगरिबची बांग होई. तिन्हीसांजेची ती वेळ सर्व धर्मांनी मिळून राखली होती. नव्वदीच्या दशकात मालिकांनी ती आपल्याकडून घेतली आणि आपण ती फारशी कुरकुर न करता दिली. वडगावच्या बायकांनी ती भोंगा वाजवून परत मागितली. घंटा ज्यांच्या मनोऱ्यात अजूनही टांगलेली आहे त्यांनी हे पाहून थोडे लाजायला हरकत नाही.

तेव्हा आपल्या धर्मग्रामांपासून सुरुवात व्हावी. रात्री अकरापर्यंत सणाच्या शुभेच्छा आणि सभेच्या सूचना पाठवणारे आपले व्हॉट्सअॅप गट संध्याकाळी सातनंतर मुके व्हावेत, धर्मगुरूंचे संदेशही त्यात आले. २०२० साली गरज म्हणून सुरू झालेले मिस्साचे प्रक्षेपण आजारी आणि वृद्ध यांच्यासाठी राहावे. धडधाकट माणसाला अंथरुणात पडून मिस्सा ‘पाहण्याची’ सोय म्हणून नव्हे. घराघरांत मोबाइलने रात्री स्वयंपाकघरात निजावे. गजर लावायला दोनशे रुपयांचे घड्याळ मिळते. घास भरवताना बाळापुढे मोबाइल धरू नये. भाताची चव त्याला कळू द्यावी. वाडीतील चार घरांनी मिळून हे ठरवले तर एकट्या घराइतके ते जड जात नाही.

आणि हा प्रश्न घरापुरता ठेवून सरकारला मोकळे सोडू नये. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास मनाई केली. आपल्या संसदेने २०२३ साली केलेल्या विदा संरक्षण कायद्यात मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मज्जाव आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. त्याच वर्षी पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, म्हणजे खिशातला मटका हा मटकाच आहे हे निदान एका बाबतीत तरी मान्य झाले. कायदा कागदावर राहू नये यासाठी आमदार-खासदारांना पत्रे लिहिणे, पालकसभांत ठराव करणे, हेही ख्रिस्ती कर्तव्यच आहे.

झोपेतले स्वातंत्र्य

कोणी म्हणेल, स्वप्नांसाठी एवढा आटापिटा कशाला? पोटाचे प्रश्न काय कमी आहेत? उत्तर इतिहासात आहे. शार्लोट बेराट या जर्मन स्त्रीने १९३३ पासून, हिटलरच्या राजवटीत, आपल्या ओळखीच्या माणसांची स्वप्ने चोरून टिपून ठेवली. १९६६ साली ती पुस्तकरूपाने आली. एका डॉक्टरला स्वप्न पडले होते की सरकारी फर्मानाने सर्व घरांच्या भिंती रद्द झाल्या आहेत. आजच्या कंपन्या नाझी नाहीत आणि तशी तुलना करणे अन्यायाचे होईल. पण भिंती आतून कशा पडतात हे त्या स्वप्नाने सांगून ठेवले आहे.

उलट बाजूने पाहावे. तुकोबांना नामदेवांनी पांडुरंगासह येऊन कवित्व करण्याचे काम सोपवले ते स्वप्नात. ब्राह्मण घरातील बहिणाबाईंना कुणबी तुकोबांचा अनुग्रह झाला तो स्वप्नात. जागेपणी ज्या समाजाने ती भेट होऊ दिली नसती, त्याचा पहारा झोपेच्या दाराशी संपत होता. योसेफला मरियेचा स्वीकार करण्याचे, बाळ घेऊन मिसरला पळण्याचे, परत येण्याचे आणि गालीलात जाण्याचे बळ मिळाले ते स्वप्नांतून. मत्तयाच्या शुभवर्तमानात चार वेळा तसे आले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या मेजावर निजलेल्या योसेफची मूर्ती असे आणि एखादी अडचण आली की ते चिठ्ठी लिहून तिच्याखाली ठेवीत. माणूस निजतो तेव्हा देव कामाला लागतो, ही त्यामागची श्रद्धा. ज्याचा देवावर विश्वास नाही त्यानेही इतके मान्य करावे की जगातील पुष्कळ धाडस प्रथम अशा जागी रुजले जेथे राजा, सावकार आणि शेजारी यांपैकी कोणाचाही हात पोचत नव्हता.

ती जागा मोकळी ठेवायची तर तिच्या उंबरठ्यावर पहारा हवा. दानीएलाच्या ग्रंथातील नबुखद्नेस्सर राजाने आपल्या पंडितांना फर्मावले की मी माझे स्वप्न सांगणार नाही; ते काय होते हेही तुम्हीच ओळखा. पंडित म्हणाले, हे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. आजच्या पंडितांना तसे वाटत नाही. आपल्याला काय हवे ते आपल्याआधी आम्ही ओळखतो, ही त्यांची जाहिरातच आहे. दानीएल मात्र राजाला स्वप्न सांगण्याआधी घरी गेला, त्याने सोबत्यांना गोळा केले आणि रात्री प्रार्थना केली. आपल्यालाही दुसरी वाट दिसत नाही. आज संध्याकाळी सात वाजता घरातील सर्वांत मोठ्या माणसाने आपला मोबाइल प्रथम खाली ठेवावा आणि मग मुलांना हाक मारावी.